कॅलिब ८.२ : अरबी समुद्राच्या गाळाला तारीख लावताना

मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या भागात, ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचा चुनखडीच्या गाळाचा मोठा सपाट पट्टा आहे. आज त्याच्यावर सुमारे साठ-सत्तर ते शंभर मीटर पाणी आहे. तिथल्या गाळात ऊइड सापडतात. ऊइड म्हणजे वाळूएवढे, गोल, गुळगुळीत चुनखडीचे कण. एखादा कण कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मधोमध शिंपल्याचा तुकडा किंवा वाळूचा दाणा दिसतो आणि त्याच्याभोवती एकावर एक चढलेली ॲरागोनाइटची (चुनखडीच्या एका स्फटिकरूपाची) वलयं. असे कण उबदार, उथळ आणि लाटांनी सतत हलत्या पाण्यातच बनतात, काही मीटर खोलीपर्यंत. म्हणजे एके काळी किनारा तिथे जवळच होता. केव्हा होता, हे मात्र कण बघून कळत नाही. त्यासाठी कार्बन-१४ म्हणजे रेडिओकार्बन मोजावा लागतो आणि मोजलेल्या आकड्याचं कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर करावं लागतं, त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. हे रूपांतर करणारं जुनं आणि आजही सर्रास वापरलं जाणारं साधन म्हणजे ‘कॅलिब’. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या गाळावर काम करणाऱ्यांना ते कितपत उपयोगी पडतं आणि कुठे दगा देऊ शकतं, एवढ्याच अंगाने हे परीक्षण आहे.

आधी हे रूपांतर लागतंच का, ते पाहू. प्रयोगशाळा जो आकडा पाठवते, उदाहरणार्थ ८,००० ± ४०, तो वर्षांत लिहिलेला असला तरी ती कॅलेंडरची वर्षं नसतात. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण हजारो वर्षांत कमी-जास्त होत आलं आहे. त्यात समुद्राची गोष्ट आणखी वेगळी. खोल पाणी शेकडो वर्षं हवेपासून तुटलेलं असतं, त्यातला कार्बन-१४ हळूहळू क्षय पावत असतो, आणि तेच पाणी वर येऊन पृष्ठभागाच्या पाण्यात मिसळतं. त्या पाण्यात वाढलेला शिंपला जिवंतपणीच ‘जुना’ असतो. अणुचाचण्यांच्या आधीच्या काळातला ताजा शिंपला मोजला, तर त्याचंही वय सरासरीने चारशे वर्षांच्या आसपास भरतं. याला रिझर्व्हॉयर वय म्हणतात. समुद्रगाळाच्या तारखेत ही दुरुस्ती टाळता येत नाही.

कॅलिब हा मिंझ स्टुइव्हर आणि पॉला रायमर यांचा प्रोग्रॅम. त्याची पहिली आवृत्ती १९८६ मध्ये आली. सध्याची ८.२ ही आवृत्ती संकेतस्थळावर थेट चालते आणि मोफत आहे. तिच्यात २०२० साली जाहीर झालेले तीन वक्र, म्हणजे रेडिओकार्बन वय आणि कॅलेंडरचं वर्ष यांची सांगड घालणाऱ्या रेषा, आहेत: उत्तर गोलार्धातल्या जमिनीवरच्या नमुन्यांसाठी इंटकॅल२०, दक्षिण गोलार्धासाठी एसएचकॅल२० आणि समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्यासाठी मरीन२०. मरीन२० हा ५५,००० वर्षांपर्यंत जातो, पण तो जगभरच्या पृष्ठभागाच्या पाण्याची सरासरी आहे. आपला समुद्र त्या सरासरीपासून किती दूर आहे हे प्रोग्रॅमला आपणच सांगायचं असतं, आणि तो आकडा म्हणजे डेल्टा-आर. एकेका तारखेसाठी कॅलिबइतकं सरळ साधन दुसरं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण अरबी समुद्राच्या बाबतीत उत्तर किती खरं हे बहुतांशी या एका चौकटीत भरलेल्या आकड्यावर ठरतं. लोक सर्वांत कमी वेळ देतात तेही याच चौकटीला.

फॉर्म भरायला पाच मिनिटं पुरतात. नमुन्याचं नाव, प्रयोगशाळेचा कोड, रेडिओकार्बन वय आणि त्याची अनिश्चितता, नमुना किती वर्षांचा गाळ सामावतो त्याचा अंदाज, वक्राची निवड, सागरी कार्बनचं प्रमाण, डेल्टा-आर आणि त्याची अनिश्चितता. उत्तरात एक सिग्मा म्हणजे ६८.३ टक्के आणि दोन सिग्मा म्हणजे ९५.४ टक्के संभाव्यतेचे कालखंड मिळतात. एकापेक्षा जास्त कालखंड आले तर प्रत्येकाचा वाटा किती तेही दिलेलं असतं. शिवाय मध्यक वय मिळतं. वर्षं ‘आजपूर्व’ मोजलेली असतात आणि ‘आज’ म्हणजे १९५०. नमुन्याची अनिश्चितता पन्नास वर्षांहून जास्त असेल तर उत्तर दहाच्या पटीत पूर्णांकित करून लिहायचं. ९,४३७ असं लिहिण्यात काही अर्थ नसतो.

नमुन्याच्या कालव्याप्तीची चौकट बहुतेक जण रिकामी सोडतात. पश्चिम किनाऱ्याच्या खंडान्त उतारावर, म्हणजे समुद्रबूड जमीन संपून तळ खोल उतरतो तिथे, गाळ हजार वर्षांत पाच सेंटिमीटर साचत असेल, तर गाभ्याच्या (तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या स्तंभाच्या) एक सेंटिमीटरच्या चकतीत दोनशे वर्षांचा गाळ असतो. त्यात किडे आणि इतर तळवासी प्राणी वरचे सुमारे दहा सेंटिमीटर सतत ढवळत असतील, तर प्रत्यक्षात त्या चकतीत दोन हजार वर्षांचे कवचकण मिसळलेले असू शकतात. तारीख बरोबर असते, पण ती सरासरीची तारीख असते. अशा गाभ्यातून शंभर-दोनशे वर्षांच्या दुष्काळाची तारीख सांगायला जाऊ नये. ज्या ठिकाणी पाण्यात प्राणवायूच नाही, म्हणजे अरबी समुद्रात साधारण दीडशे ते बाराशे मीटर खोलीच्या पट्ट्यात, तिथे तळवासी प्राणी फारसे नसतात. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर या पट्ट्यात पातळ थरांचा न ढवळलेला गाळ सापडतो, म्हणून तिथल्या गाभ्यांना इतकी किंमत आहे.

आता डेल्टा-आर. कॅलिबच्या सोबत समुद्री दुरुस्तीचा एक स्वतंत्र माहितीसंग्रह आहे. जगाच्या नकाशावर बिंदू आहेत. आपल्या जागेजवळचे बिंदू निवडले की संग्रह त्यांची भारित सरासरी आणि अनिश्चितता काढून देतो. आमच्या मते हाच या साधनाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. त्यातले आकडे कुठून आले ते माहीत असायला हवं. संग्रहालयांत ठेवलेले, १९५० च्या आधी जिवंत गोळा केलेले आणि गोळा केल्याचं साल नोंदलेले शिंपले किंवा प्रवाळ शोधून त्यांचं रेडिओकार्बन वय मोजतात. त्या सालासाठी सागरी वक्र जे वय सांगतो ते त्यातून वजा केलं की उरतो तो डेल्टा-आर. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून अणुचाचण्यांमुळे हवेत आणि मग समुद्रात भरपूर नवा कार्बन-१४ आला, म्हणून त्यानंतरचे शिंपले या कामाला चालत नाहीत. साहजिकच असे नमुने मोजकेच मिळतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत बिंदू विरळ आहेत.

उत्तर हिंदी महासागरासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दिलेली मूल्यं आजही सर्वाधिक वापरात आहेत: उत्तर अरबी समुद्रासाठी १६३ ± ३० आणि पूर्वेकडचा बंगालचा उपसागर व अंदमान समुद्र यांसाठी ११ ± ३५ वर्षं. दोन्हीतला फरक बघा. उन्हाळी मोसमी वाऱ्यांमुळे ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ खालचं जुनं पाणी वर ओढलं जातं, म्हणून अरबी समुद्राचं पाणी ‘जुनं’. बंगालच्या उपसागरावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर असतो, खालचं पाणी फारसं वर येत नाही.

इथे मोठा खड्डा आहे. ही मूल्यं जुन्या सागरी वक्राच्या तुलनेत काढलेली आहेत. जुन्या वक्रांत जगाचं सरासरी रिझर्व्हॉयर वय चारशेच्या आसपास धरलं होतं. मरीन२० मध्ये ते साडेपाचशेच्या आसपास आहे. त्यामुळे मरीन२० सोबत वापरायचा डेल्टा-आर साधारण दीडशे वर्षांनी कमी असायला हवा. अरबी समुद्राचं १६३ हे मूल्य मग शून्याच्या जवळ येतं आणि बंगालच्या उपसागराचं चक्क ऋण होतं. ऋण आकडा पाहून बिचकू नये, तो बरोबर आहे. माहितीसंग्रहात आता मरीन२० ला धरून काढलेली मूल्यं आहेत, तीच घ्यावीत. जुन्या प्रबंधातून १६३ उचलून ८.२ मध्ये टाकलं तर प्रत्येक तारीख दीडशे वर्षांहून थोडी अधिक अलीकडे सरकते. प्रोग्रॅम यावर कसलीही सूचना देत नाही, देऊही शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो एक वैध आकडा आहे.

दीडशे वर्षांनी असं काय बिघडतं, हा प्रश्न मोसमी पावसाचा अभ्यास करणाऱ्याला पडणार नाही. सिंधूच्या मुखासमोरच्या गाभ्यावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस घटल्याचं मांडलं गेलं आणि त्याची सांगड सिंधू संस्कृतीच्या नागरी टप्प्याच्या अखेरीशी घातली गेली. हा कोरडा काळच मुळात दोन-तीनशे वर्षांचा मानला जातो. डेल्टा-आर दीडशेने चुकला की पाऊस आधी घटला की शहरं आधी ओस पडली, याचं उत्तर उलटू शकतं. ओमानच्या किनाऱ्यासमोर ‘ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅम’ या समुद्रतळ छेदणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या ७२३ क्रमांकाच्या ठिकाणच्या गाभ्यातही हेच. तिथे ग्लोबिजेरिना बुलॉइडीस नावाच्या कवचधारी सूक्ष्मजीवाचं प्रमाण मोजतात. खालचं थंड, पोषक पाणी वर आलं की तो फोफावतो, म्हणून त्याची टक्केवारी वाढली तर नैर्ऋत्य मोसमी वारे जोरकस, घटली तर कमजोर. अनिल कुमार गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या नोंदीतले कमजोर काळ उत्तर अटलांटिकमधल्या थंडीच्या झटक्यांशी जुळवून दाखवले. अशी जुळवणी सर्वस्वी तारखांवर उभी असते.

यात एक अडचण अशी आहे की ती कोणत्याही प्रोग्रॅमने सुटणार नाही. मोसमी वारे जोरकस तर जुनं पाणी जास्त वर, म्हणजे रिझर्व्हॉयर वयही जास्त. ज्या गोष्टीचा इतिहास शोधायचा तीच घड्याळाचा काटा हलवते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शिंपल्यांवरून काढलेला डेल्टा-आर नऊ हजार वर्षांपूर्वीच्या, जास्त पावसाच्या काळाला जसाच्या तसा लागू धरणं हे गृहीतक आहे. कॅलिबमध्ये एका नमुन्याला एकच डेल्टा-आर देता येतो. पण गाभ्याच्या वेगवेगळ्या खोलींसाठी वेगवेगळा देता येतो, आणि ओमानकडच्या गाभ्यांत तो तसा द्यावा किंवा निदान अनिश्चितता शंभर वर्षांपर्यंत वाढवून पाहावी. शून्य ± शून्य भरून मिळालेलं अरुंद, सुबक उत्तर हे सर्वांत फसवं.

संग्रहातल्या बिंदूंपैकी कोणते घ्यायचे हाही विचार करण्याचा भाग आहे. प्रत्येक नोंदीसोबत प्रजाती आणि उपलब्ध असेल तिथे तिची खाण्याची पद्धत दिलेली आहे. पाणी गाळून खाणारे दुहेरी शिंपले सर्वांत भरवशाचे. खडक खरवडून किंवा गाळ गिळून जगणाऱ्या गोगलगायींच्या कवचात जुन्या चुनखडीचा कार्बन येऊ शकतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिलिओलाइट चुनखडी आहे, तिथल्या खाडीतला शिंपला खोट्या अर्थाने म्हातारा निघण्याची शक्यता धरून चालावं. निवडलेल्या बिंदूंमध्ये आपसांत मोठी तफावत असेल तर भारित अनिश्चितता न घेता विखुरणीचा आकडा घ्यावा. आणि नकाशावर जवळ दिसतो म्हणून ओमानचा बिंदू रत्नागिरीसमोरच्या गाभ्याला लावू नये; दोन किनाऱ्यांवरचं पाणी वेगळं वागतं.

फॉर्मपर्यंत पोचण्याआधीच होणाऱ्या चुका याहून साध्या आणि म्हणून जास्त घातक आहेत. प्रयोगशाळेच्या आकड्यातून आधी चारशे वर्षं वजा करून मग मरीन२० लावणं, ही त्यातली नेहमीची. वक्रातच ती दुरुस्ती असते, म्हणून ती दोनदा होते. दुसरी चूक म्हणजे अर्धायुष्याची ‘दुरुस्ती’. रेडिओकार्बन वय संकेताने ५,५६८ वर्षांच्या लिबी अर्धायुष्यावर काढलेलं असतं. खरं अर्धायुष्य ५,७३० आहे म्हणून कुणी १.०३ ने गुणून आकडा भरतो. तसं करायचं नाही, कॅलिब्रेशनमध्ये ते आपोआप येतं. तिसरी गोष्ट कार्बन-१३ च्या दुरुस्तीची: वेगवेगळी द्रव्यं कार्बनचे हलके-जड अणू वेगवेगळ्या प्रमाणात घेतात, तो फरक भरून काढायची. आजच्या एएमएस (कण-त्वरकाने थेट कार्बन-१४ चे अणू मोजणाऱ्या) प्रयोगशाळा ती करूनच आकडा देतात. पण काही दशकांपूर्वीच्या शिंपल्यांच्या तारखांत काही वेळा ती केलेली नसे. शिंपल्यांसाठी ती दुरुस्ती साधारण चारशे वर्षं वय वाढवते आणि रिझर्व्हॉयर दुरुस्ती जवळपास तेवढंच कमी करते, म्हणून दोन्ही न करता छापलेली तारीख बरोबर असल्यासारखी दिसते. असा जुना आकडा थेट कॅलिबमध्ये टाकला की फक्त एकच दुरुस्ती होते आणि तारीख सुमारे चारशे वर्षं अलीकडे ओढली जाते. जुन्या तक्त्यात कार्बन-१३ चा रकाना नसेल तर आधी त्याची चौकशी करावी.

गाभ्याच्या अगदी वरच्या थराचं वय मरीन२० वर बऱ्याचदा लागतच नाही. वक्राच्या १९५० च्या टोकालाच रेडिओकार्बन वय सुमारे सहाशे आहे. डेल्टा-आर शून्य धरून पाचशेचं वय भरलं तर ते वक्राच्या बाहेर पडतं. अशा वेळी डेल्टा-आर वाकवून उत्तर काढायची गरज नाही. तो थर अणुचाचण्यांनंतरचा किंवा त्याच्या आसपासचा आहे एवढंच त्यातून कळतं, आणि वरच्या दहा-वीस सेंटिमीटरसाठी शिसे-२१० (लवकर क्षय पावणारं किरणोत्सारी शिसं) मोजण्याची पद्धत अधिक योग्य.

नमुन्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कॅलिबच्या उत्तराची गुणवत्ता चाळणीच्या टेबलावर ठरते. एक सेंटिमीटरची चकती घेऊन ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुवावी, चाळणीवर उरलेला भाग ४०-५० अंशांवर सुकवावा, आणि कोरड्या चाळणीने २५० ते ३५५ मायक्रॉनचा भाग वेगळा करावा. त्यातून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक ब्रशने एकाच पृष्ठवासी प्रजातीची कवचं वेचावीत. ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर किंवा ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर या नेहमीच्या. नेहमीच्या एएमएस मोजणीसाठी सुमारे दहा मिलिग्रॅम कवचं लागतात. चुनखडीत कार्बन वजनाने बारा टक्के, म्हणजे त्यातून एक मिलिग्रॅमहून थोडा जास्त कार्बन हाती येतो. कवचं शेकड्यांनी वेचावी लागतात आणि त्यात दिवस जातो. छोट्या नमुन्यांसाठीची यंत्रं याहून बऱ्याच कमी वजनावर चालतात. ज्या कवचांत काळे पायराइटचे दाणे भरलेले असतील, ज्यांवर साखरेसारखे स्फटिक चढलेले असतील, जी तपकिरी पडलेली किंवा झिजलेली असतील ती बाजूला काढावीत. बहुधा ती इतर जागेवरून वाहून आलेली किंवा नंतर बदललेली असतात. तळवासी प्रजातींची कवचं मरीन२० वर लावू नयेत. तो वक्र पृष्ठभागाच्या पाण्याचा आहे, आणि खोल तळाचं पाणी त्याहून कितीतरी जुनं असतं.

समुद्रपातळीचे नमुने वेगळ्या स्वभावाचे. ऊइडची वलयं शेकडो वर्षांत चढत जातात आणि कणाच्या मधोमधचा शिंपल्याचा तुकडा त्याहूनही जुना असतो, म्हणून अख्ख्या ऊइडची तारीख ही कण हलता राहण्याच्या काळाची सरासरी असते. समुद्र वर चढून कण स्थिर झाला ती घटना त्याहून अलीकडची. वलयांतलं ॲरागोनाइट टिकून आहे की त्याचं कॅल्साइट (चुनखडीचं दुसरं स्फटिकरूप) झालं आहे हे क्ष-किरण विवर्तनाने आधी तपासावं. कॅल्साइटचा अंश दिसला तर नंतरच्या पाण्यातला कार्बन शिरलेला असण्याची शक्यता मोठी, मग मोजणीचे पैसे वाया.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून हाशिमी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पश्चिम किनाऱ्याची जी समुद्रपातळीची आलेखरेषा मांडली, ती कॅलिबमधून पुन्हा काढून बघण्यासारखी आहे. त्या रेषेप्रमाणे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटर खाली होता, १२,५०० पर्यंत तो ऐंशी मीटरपर्यंत चढला, मग १०,००० पर्यंत जवळजवळ थांबला, आणि १०,००० ते ७,००० या काळात हजार वर्षांत वीस मीटर या झपाट्याने वर आला. ही वर्षं रेडिओकार्बनची आहेत. कॅलेंडरमध्ये आणली की तीन हजार वर्षांचा तो झपाटा साडेतीन हजारांच्या आसपास पसरतो आणि वेग हजार वर्षांत सतरा मीटरच्या आसपास उतरतो. थांब्याचा काळही मागे सरकतो आणि लांबतो. बर्फाच्या गाभ्यांवरून यंगर ड्रायस हा थंड काळ सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा ठरला आहे. जुनी रेडिओकार्बन वर्षं तशीच ठेवून त्याच्याशी तुलना केली तर थांब्याच्या चुकीच्या टोकाशी तो जुळतो. अनेक शालेय आणि महाविद्यालयीन टिपणांत अजून जुनीच वर्षं फिरत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. दहा हजार रेडिओकार्बन वर्षांच्या आसपास वक्र सपाट आहे, हेही लक्षात असू द्यावं. तिथे ± ४० च्या चांगल्या मोजणीलाही रुंद उत्तर येतं, आणि तो दोष ना प्रयोगशाळेचा ना कॅलिबचा.

किनाऱ्याजवळच्या चिखलात बऱ्याचदा कवचंच मिळत नाहीत आणि गाळातल्या सेंद्रिय कार्बनचीच मोजणी करावी लागते. कॅलिबमध्ये यासाठी मिश्र वक्राची सोय आहे: सागरी कार्बन किती टक्के ते भरायचं. सोय चांगली आहे, पण टक्केवारी कुठून आणायची? सर्वसाधारण रीत कार्बन-१३ ची. ठरलेल्या मानकापासूनच्या दर हजारी फरकात सागरी सेंद्रिय द्रव्य उणे २० ते उणे २१ च्या आसपास, झाडझाडोरा उणे २६-२७, त्यावरून प्रमाण काढतात. दख्खनमधून येणाऱ्या नद्यांसमोर ही रीत फसते. पठारावरच्या गवतांत सी-४ गटाची (उष्ण, कोरड्या हवेत तगणारी) गवतं पुष्कळ, त्यांचं मूल्य उणे १२ ते १४. गवत आणि झाडं यांचं मिश्रण नेमकं सागरी मूल्याजवळ येऊन बसतं, आणि जमिनीवरचा कार्बन समुद्राचा म्हणून मोजला जातो. शिवाय नदी जुन्या मातीतला कार्बनही आणते, त्याचं वय कुठल्याच वक्रात बसत नाही. त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीच्या मुखासमोरच्या गाभ्यात पानांवरच्या मेणाचा कार्बन-१३ मोजून मध्य भारत गेल्या काही हजार वर्षांत टप्प्याटप्प्याने कोरडा होत गेल्याचं २०१२ मध्ये दाखवलं गेलं, आणि तिथल्या बदलाचा गाभाच सी-४ गवतांची वाढ हा होता. अशा ठिकाणी फोरॅमिनिफेराची (वर आलेल्या कवचधारी सूक्ष्मजीवांची) कवचं मिळत असतील तर तारखेसाठी तीच घ्यावीत.

कॅलिब काय करत नाही, तेही स्पष्ट असावं. प्रत्येक तारीख ते सुटी सोडवतं. वरची तारीख खालच्यापेक्षा अलीकडची असायला हवी हे त्याला माहीत नसतं, आणि दोन तारखांमधल्या खोलीचं वय ते देत नाही. गाभ्यात सहा-आठ तारखा असतील आणि त्यांमधली पर्जन्याची नोंद वाचायची असेल तर ‘आर’ या संगणकभाषेतला, सगळ्या तारखा एकत्र सोडवणारा ‘बेकन’ हा प्रोग्रॅम वापरावा, तोही मोफत आहे. त्याच्या फाइलमध्ये कॅलिब्रेशन न केलेली वयंच भरायची. कॅलिबमधलं मध्यक वय भरून पुन्हा वक्र लावणं ही चूक होते. सागरी वक्रासाठी संकेतांक २ द्यायचा. साचण्याच्या गतीचा मूळचा अंदाज सेंटिमीटरला वीस वर्षं आहे. आपल्या खंडान्त उतारावर हजार वर्षांत दहा सेंटिमीटर साचत असेल तर तो शंभर करावा, नाहीतर मॉडेल तारखांशी झगडत बसतं. समुद्रबूड जमिनीवरच्या गाभ्यात समुद्र चढताना झिजलेला भाग असतोच. शंखशिंपल्यांच्या तुकड्यांचा जाड थर दिसला की त्या खोलीवर बेकनमध्ये साचण्यातला खंड नोंदवावा. सिंधूने समुद्रतळावर पसरलेल्या गाळाच्या पंख्यावरच्या गाभ्यांत खालून वर कण बारीक होत जाणारे वाळूचे थर एका दिवसात आलेले असतात, ते घसरणीचे थर म्हणून वगळण्याची सोय बेकनमध्ये आहे. ‘ऑक्सकॅल’ हा तिसरा प्रोग्रॅमही हे करतो आणि टप्प्यांच्या गणितात जास्त लवचीक आहे, पण त्याला छोटी आज्ञावली लिहावी लागते. पंचावन्न हजार वर्षांच्या पलीकडे या तिघांचाही उपयोग संपतो. २०१५ मध्ये अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या छिद्रण-जहाजाने घेतलेले अकराशे मीटर खोलीपर्यंतचे गाभे लाखो-कोटी वर्षांचे आहेत, तिथे सूक्ष्मजीवांच्या प्रजाती आणि चुंबकीय उलटफेर यांवर भिस्त ठेवावी लागते.

कॅलिबचा चेहरामोहरा जुनाट आहे, आलेख साधे येतात, आणि नवख्याला डेल्टा-आरच्या चौकटीपाशी कुणी हात धरत नाही. तरीही एखाद्या शोधनिबंधातली तारीख पडताळायची असेल, प्रयोगशाळेचा निकाल नुकताच आला असेल, किंवा डेल्टा-आर शंभरने बदलल्यावर काय होतं ते पाहायचं असेल, तर पहिलं हेच उघडावं. पदव्युत्तर वर्गात शिकवायलाही हेच बरं, कारण बेकनमध्ये जे आत झाकलेलं राहतं ते इथे एकेक चौकट भरताना दिसतं.

प्रबंधात तारीख नोंदवताना तक्त्यात इतके रकाने असावेत: प्रयोगशाळेचा कोड, खोली, कोणती प्रजाती किंवा द्रव्य, दुरुस्ती न केलेलं रेडिओकार्बन वय आणि त्याची अनिश्चितता, वापरलेला डेल्टा-आर अनिश्चिततेसह, माहितीसंग्रहातले कोणते बिंदू घेतले, वक्राचं नाव, प्रोग्रॅमची आवृत्ती, दोन सिग्माचा कालखंड आणि मध्यक. फक्त कॅलिब्रेशन झालेलं वय छापलं तर पुढचा वक्र आल्यावर ते पुन्हा काढता येत नाही. मरीन०९, मरीन१३ आणि मरीन२० हे तिन्ही वक्र अवघ्या अकरा वर्षांत आले आहेत, तेव्हा पुढचाही येणारच.